गुरुजींचा मोबाइल नेमका कुणासाठी?

मंडळी, आजची पोस्ट लांबलचक आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा. पण ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात त्यांनी तरी वाचाच.

‘गुरुजी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात’ ही तक्रार आपल्या नाशिक जिल्ह्यात कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. ग्रामसभेत शाळेचा विषय निघाला की गळक्या पत्र्यांनंतर दुसरा नंबर याच तक्रारीचा. मी बरीच वर्षं तालुका पातळीवर बातमीदारी करतोय, झेडपीच्या शाळा हा माझा आवडीचा विषय, त्यामुळं लोक मलाही सांगतात, "भाऊ, एकदा छापाच यांच्यावर."

तक्रार खोटी नाही. गुरुजी मोबाइलवर असतात. पण मोबाइलवर ते काय करत असतात, हे कळायला त्यांच्या शेजारी बसून त्यांचे ग्रुप बघावे लागतात. मी बघितलेत. त्यांच्या परवानगीनं, आणि नाव-गाव कुठं येणार नाही या अटीवर.

एका गुरुजींच्या मोबाइलमध्ये साधारण दोन जातीचे ग्रुप असतात.

पहिली जात सरकारी. केंद्राचा ग्रुप, बीटचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा वेगळा, मुख्याध्यापकांचा वेगळा, कुठली मोहीम आली की तिचा वेगळा. यातली भाषा ओळखीची झालीय. ‘अतितातडीचे’. ‘आज दुपारी ४ पर्यंत लिंक भरावी’. ‘निरंक असल्यास निरंक कळवावे’. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे ‘खालील शाळांची माहिती अद्याप अप्राप्त’ आणि त्याखाली शाळांच्या नावांची यादी, शेजारी लाल फुल्या. सगळ्या तालुक्यासमोर नाव येतं. चौथीचा भागाकार सुरू असला तरी खडू खाली ठेवून गुरुजी लिंक भरतात. शाळा द्विशिक्षकी असेल आणि दुसरे गुरुजी बैठकीला गेले असतील, तर चार वर्गांची पोरं त्या लिंकच्या नावानं मोकळी.

दुसरी जात शिक्षकांनी स्वतःहून बनवलेल्या ग्रुपची. इथं ‘तातडीचे’ काही नसतं. रात्री नऊ-साडेनऊला एखाद्या मॅडम विचारतात, "दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी कितीही वेळा सांगितली तरी उलटी करतात, वरचा अंक लहान असला की खालच्यातून वरचा वजा करतात. काय करू?" मग तिकडून एक सर आवाजात निरोप टाकतात, काड्यांचे दहाचे गठ्ठे करा, गठ्ठा सोडल्याशिवाय सुटी काडी मिळतच नाही हे हातानं करू द्या, आठ दिवस पाटीवर लिहूच नका. तिसऱ्या बाई म्हणतात, माझ्याकडं काड्यांनी जमलं नाही, नाण्यांनी जमलं, कारण पोरं दुकानात जातात. आठवड्यानं पहिल्या मॅडम सांगतात, बारापैकी नऊ जणांना जमलं, तिघं अजून अडलेत. मंडळी, याला म्हणतात प्रशिक्षण. यात चहा-नाश्त्याचं बिल नाही, बॅनर नाही, दीपप्रज्वलन नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातल्या शिक्षकांच्या गप्पांमध्ये अजून एक गोष्ट मला दिसली, जिचं मोल पुण्या-मुंबईत बसून कळणार नाही. पाड्यावरचं सहा वर्षांचं पोर घरी कोकणा बोलीत बोलतं. पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ परकी. बदलून आलेल्या गुरुजींना पोराची बोली येत नाही, पोराला गुरुजींची येत नाही. मग जुने, तिथं मुरलेले शिक्षक नव्यांना शब्द पुरवतात. या वस्तूला पोरं काय म्हणतात, आजोळला काय म्हणतात, कुठला शब्द आपल्याकडं चांगला पण तिकडं शिवी आहे. कुणी आजीबाईची गोष्ट बोलीत रेकॉर्ड करून टाकतं. वर्गात ती मोबाइलवर वाजवली की जे पोर महिनाभर तोंड उघडत नव्हतं ते हसायला लागतं. हाही मोबाइलच, आणि तोही वर्गाच्या वेळेतच. पण खिडकीतून बघणाऱ्याला दोन्ही मोबाइल सारखेच दिसतात.

माझं म्हणणं या पोस्टमध्ये एवढंच आहे: आपण भांडतोय चुकीच्या मोबाइलशी. हुकमाचा ग्रुप दिवसेंदिवस सुजत चाललाय आणि शिकण्याचा ग्रुप भीतीनं गप्प होत चाललाय. हे आपोआप घडलेलं नाही.

थोडं मागं जाऊ. महाराष्ट्रातल्या झेडपी शिक्षकांनी सोशल मीडिया कुणी सांगितला म्हणून हातात घेतला नव्हता. दहा-बारा वर्षांपूर्वी साधे स्मार्टफोन आले आणि शिक्षक एकमेकांना सापडायला लागले. त्याआधी डोंगरातल्या शाळेवरचा गुरुजी म्हणजे एकटा जीव. महिन्याच्या केंद्राच्या बैठकीत चार लोक भेटायचे, त्यातही परिपत्रकं वाचण्यात दिवस जायचा. फोननं हा एकटेपणा मोडला. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातले शिक्षक भाऊसाहेब चासकर आणि त्यांच्यासारख्यांनी मिळून उभा केलेला ‘ॲक्टिव्ह टीचर्स फोरम’ हे त्याचं ठळक उदाहरण. राज्यभरातले शिक्षक तिथं वाचायला, वाद घालायला, प्रयोग सांगायला लागले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं डिजिटल वर्ग केला, तो बघून गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. (त्यातले बरेच आज कपाटात आहेत, पण तो वेगळा विषय.)

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तर सगळ्यांना माहीत आहेत. पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून त्यामागं गोष्टी, कविता, व्हिडिओ, गृहपाठ ठेवायचा त्यांचा प्रयोग पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. पुरस्काराची बातमी सगळ्यांनी वाचली. मला मात्र ती वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. एका झेडपीच्या गुरुजीला, कधी न भेटलेले परदेशातले नऊ शिक्षक आपल्याच बिरादरीतले वाटले. ही बिरादरी फोननं जोडलेली आहे.

आणि दूर बसून शिकणं हे नाशिककरांना नवं थोडंच आहे? गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच करतंय. नोकरी सांभाळून तिथून बी.एड. झालेले कितीतरी शिक्षक आज आपल्या शाळांत आहेत. फरक इतकाच, की तेव्हा पुस्तकं पोस्टानं यायची आणि उलट प्रश्न विचारायला संपर्क सत्राची वाट बघावी लागायची. आता प्रश्न रात्री साडेनऊला विचारता येतो.

पण इथं एक खोच आहे, आणि ती शिक्षकांनीही नीट बघायला हवी. फोनवरून फोटो पटकन पोचतो, पद्धत पोचत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण घ्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं प्राथमिक वर्ग उभे केले. मुलं जमिनीवर बसून, वस्तू हाताळून, एकमेकांत बोलून शिकायची. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि ही हवा राज्यभर पसरली. आणि व्हॉट्सॲपवरून सगळ्यात जास्त काय फिरलं? रंगवलेल्या फरशांचे फोटो. मग शाळाशाळांत फरशा रंगल्या. चौकटी, आकडे, अक्षरं, वर्तुळं. काही ठिकाणी त्या रंगाबरोबर खरंच शिकवण्याची रीत बदलली. पण ज्या ठिकाणी नुसता रंग आला तिथं दोन पावसाळ्यांत रंग उडाला आणि गुरुजी परत फळ्यापाशी. बाई मुलाला उत्तर न सांगता कशा थांबल्या, चुकलेल्या पोराला काय विचारलं, हे फोटोत येतच नाही.

आपल्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीचं बघा. केशव गावित सरांची शाळा, वर्षाचे ३६५ दिवस भरणारी. तिथली पोरं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, मोठमोठे पाढे घडाघडा म्हणतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलेत. माणसं थक्क होतात, शेअर करतात. माझं मत विचाराल तर दोन्ही हातांनी लिहिणं ही त्या शाळेतली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. एक माणूस रोजच्या रोज, सणासुदीलासुद्धा पोरांबरोबर असतो, मोठी पोरं लहानांना शिकवतात, पाडा शाळेला आपली मानतो, ही खरी गोष्ट. पण ती तीस सेकंदांत मावत नाही. मावतो तो पाढा. मग दुसऱ्या गावचा पालक व्हिडिओ घेऊन आपल्या गुरुजींकडं जातो, "आमच्या पोराला हे कधी येणार?" आणि ते गुरुजी बिचारे पाढ्यांच्या मागं लागतात.

म्हणून शिक्षकांच्या ग्रुपमध्येही माझी पसंती फोटोला नाही, प्रश्नाला आहे. ‘आमच्या शाळेचा नावीन्यपूर्ण उपक्रम’ आणि त्याखाली साठ अंगठे, याला शिकणं म्हणत नाहीत. ‘अडलोय, सांगा’ आणि त्याखाली सहा वेगवेगळी उत्तरं, त्यातली दोन एकमेकांशी भांडणारी, हे शिकणं.

आता सरकारकडं वळू.

शिक्षकांच्या हातात फोन आहे आणि ते तो आवडीनं वापरतात हे दिसल्यावर प्रशासनाला त्यात फुकटचा कारकून दिसला. नोव्हेंबर २०१६ आठवतो का? विनोद तावडे शिक्षणमंत्री होते. शाळाबाह्य मुलांचं प्रमाण कमी करायचं म्हणून आदेश निघाला, की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांबरोबर गटागटानं सेल्फी काढून ‘सरल’वर टाकायचे. ज्या शाळेत रेंज यायला टेकडी चढावी लागते तिथं सेल्फी अपलोड करायचा! राज्यभर विरोध झाला आणि तो आदेश बारगळला. आदेश गेला, पण सेल्फीची वृत्ती राहिली. आज कुठलीही मोहीम असो, वृक्षारोपण, वाचन, स्वच्छता, दिन-विशेष, पुरावा एकच, फोटो. झाड लावलं की नाही यापेक्षा झाडाजवळ बॅनर दिसतोय का, हे महत्त्वाचं. एक मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, आधी आम्ही उपक्रम करायचो आणि जमला तर फोटो काढायचो. आता फोटो ठरतो आणि त्याला लागेल तेवढा उपक्रम करतो."

कोरोनाच्या काळात मात्र फोनची ताकद आणि मर्यादा दोन्ही उघड्यावर आल्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पाठवला. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये ‘स्वाध्याय’ आला, व्हॉट्सॲपवरच प्रश्न यायचे आणि मुलांनी तिथंच उत्तरं द्यायची. नाशिक शहरात, सिन्नर-निफाडच्या मोठ्या गावांत यातलं बरंच पोचलं. पण सुरगाणा-पेठमध्ये घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडं गेलेला. पोराच्या नावानं आलेला अभ्यास बागेत छाटणी करत होता! तिथं खरं शिक्षण सुरू ठेवलं ते ओट्यावर, झाडाखाली जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकांनी. आणि त्या शिक्षकांना कुठली पुस्तिका वापरायची, चार इयत्ता एकत्र कशा बसवायच्या हे कुठून कळत होतं? एकमेकांच्या ग्रुपवरून. म्हणजे मुलांपर्यंत फोन पोचला नाही तिथंही शिक्षकापर्यंत पोचलेला फोन कामाला आला. हा मुद्दा तेव्हा कुणी फारसा मांडला नाही.

त्या स्थलांतराचंच घ्या. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं द्राक्षपट्ट्यात जातात, पोरं बरोबर. कागदावर त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, कार्ड दाखवलं की नव्या गावच्या शाळेनं पोराला बसवून घ्यायचं. पण कार्ड बापाच्या पिशवीत चुरगळतं. माझ्या ओळखीतले काही गुरुजी काय करतात? कुटुंब ट्रकमध्ये बसलं की तिकडच्या ओळखीच्या शिक्षकाला निरोप, "अमुक मळ्यावर आमची पाच लेकरं येताहेत, दोन तिसरीची, बघा जरा." दुसऱ्या दिवशी तिकडचे गुरुजी मळ्यावर हजर. याचा फोटो कुणी मागत नाही, याची लिंक नाही, म्हणून याची नोंदही नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये तर गंमतच झाली. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा शासन निर्णय शिक्षकदिनालाच, ५ सप्टेंबरला निघाला. आधीच्या संचमान्यतेच्या निर्णयावर राग होताच. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले आणि त्याआधी एक वेगळंच हत्यार उपसलं, प्रशासनाच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडायचं. ‘लेफ्ट’, ‘लेफ्ट’, ‘लेफ्ट’ अशा ओळी खाली खाली जात होत्या. आणि कार्यालयांची पंचाईत झाली. माहिती मागवायची कशी? तेव्हा अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की राज्याचं एवढं मोठं शिक्षण खातं शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर, त्यानं स्वतः भरलेल्या रिचार्जवर आणि एका परदेशी कंपनीच्या ॲपवर चाललंय.

संप-मोर्चांबद्दल तुमचं मत काहीही असो. पण शाळेच्या दृष्टीनं त्या दिवसांतली एक गोष्ट मला शिक्षकांनी सांगितली ती नोंदवून ठेवतो: "वर्ग सलग घेता आला. मध्ये कुणी बोलावलं नाही."

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. लिंक भरणं, फोटो चिकटवून पीडीएफ करणं, तीच माहिती तीन नमुन्यांत पाठवणं, हे त्या तीनपैकी कशात बसतं? पण हे काम कागदावर ‘काम’ म्हणून नोंदलंच जात नाही. ते ‘फक्त एक मेसेज’ असतं.

यानंतर आला २८ जुलै २०२५ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय. सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमं कशी वापरायची याच्या सूचना. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात आले, म्हणजे झेडपीचे शिक्षकही. त्यातल्या काही गोष्टी रास्त आहेत. खासगी आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, द्वेष पसरवू नका. कुणी नाही म्हणेल? पण त्यात सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही, हेही आहे. कामाच्या यशाबद्दल लिहिताना स्वतःची स्तुती टाळायची, हेही आहे. आणि कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप-टेलिग्राम वापरायला मोकळीक आहे.

आता हे शिक्षकाच्या जागी बसून वाचा. ‘आज ४ पर्यंत लिंक भरा’ हा मेसेज नियमात बसतो. ‘ही लिंक भरताना माझा गणिताचा तास गेला’ हा मेसेज नियमात बसतो का? ‘नव्या पुस्तकातला हा धडा आदिवासी मुलांना समजत नाही’ हे धोरणावरची टीका की शिकवण्याबद्दलचं मत? ‘माझ्या वर्गात हा प्रयोग जमला’ ही माहिती की स्वस्तुती? शासन निर्णयात याचं उत्तर नाही. आणि उत्तर नसलं की नोकरदार माणूस काय करतो? गप्प बसतो. झेडपी कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आधीपासून लागू होतेच. पण जुना नियम कपाटात असतो, नवा स्टेटसला फिरतो.

मी बघितलेल्या एका ग्रुपचं सांगतो. आठ-नऊ वर्षं जुना, तालुक्यातल्या शिक्षकांनीच बनवलेला, भांडखोर आणि कामाचा. त्या निर्णयानंतर ॲडमिननं सेटिंग बदललं, फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील. कुणी आदेश दिला नव्हता. "उगाच कुणीतरी काहीतरी टाकायचं आणि स्क्रीनशॉट वर जायचा," एवढंच कारण. आता त्या ग्रुपवर सुविचार आणि सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा येतात. हातच्याची वजाबाकी तिथं परत कुणी विचारलेली नाही.

इतिहासातली एक आठवण इथं द्यावीशी वाटते. १९व्या शतकात शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ नावाचं मासिक निघायचं. पुढं त्याचं संपादन विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडं आलं, लिखाण सरकारला खुपलं, आणि गैरमर्जी होऊन १८७५ मध्ये ते बंद पडलं. राज्य इंग्रजांचं होतं. पण मास्तरांनी आपसात काय बोलावं, ही काळजी दीडशे वर्षांनीही तशीच आहे, एवढं खरं.

इतकं लिहिलं म्हणून शिक्षकांची बाजू घेऊन मोकळा होतोय असं समजू नका. काही गुरुजी-मॅडमचे रील मीही बघतो. वर्गातल्या पोरींना रांगेत उभं करून ट्रेंडिंग गाण्यावर नाच, पोराची चुकीची उत्तरं सांगून हशा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वही-चप्पल वाटपाचे फोटो. दाता, पुढारी, सरपंच मध्यभागी, आणि समोर मान खाली घातलेलं लेकरू, खाली ओळ ‘गरजू विद्यार्थ्यास मदत’. नावासकट. ते लेकरू उद्या दहावीत जाईल, कॉलेजात जाईल. तो फोटो तिथंच असेल. त्याच्या आईला कुणी विचारलं होतं?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर आई-बापाची पडताळलेली संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. कायदा नीट लागू होईल तेव्हा होईल. पण पोराचा चेहरा ही शाळेची जाहिरात नाही, हे कळायला कायदा कशाला लागतो? आणि यातही गोम बघा, सरकार स्वतःच मोहिमांसाठी पोरांचे फोटो मागतं, तेव्हा एकट्या गुरुजीला दोष देऊन कसं चालेल.

वरच्या वर्गांचं वेगळं. आठवी-नववीच्या पोरांचे क्लासचे ग्रुप असतात, रात्री दहाला गृहपाठ येतो. व्हॉट्सॲपचीच स्वतःची अट तेरा वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना मोठ्या सोशल मीडिया साइटवर अकाउंटच बंद केलंय. आपल्याकडं तेवढं टोक नको, पण ग्रुप पालकांच्या नंबरचा असावा, रात्री आठनंतर शांत असावा, आणि गृहपाठ फळ्यावरच लिहून द्यावा. मोबाइल नसलेल्या घरातलं पोर गृहपाठाला मुकू नये, इतकी साधी गोष्ट आहे.

तर मागणी काय? जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्राथमिक शिक्षणाधिकारी यांना उद्देशून लिहितोय, त्यांचे लोक ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. साहेब, शाळेच्या वेळेत ग्रुपवर माहिती मागवायची नाही असा एक लेखी आदेश काढा. पूर, साथ, अपघात एवढाच अपवाद. जी माहिती एकदा ‘सरल’ किंवा ‘यू-डायस’मध्ये भरली ती परत ग्रुपवर मागायची नाही. ‘अप्राप्त शाळां’ची यादी चारचौघांत टाकणं बंद. आणि २८ जुलैच्या निर्णयाबद्दल तुमच्या सहीनं दोन ओळी द्या, की शिकवण्याची पद्धत, पाठ्यपुस्तक, मुलांच्या अडचणी यावर शिक्षकांनी आपसात मोकळेपणानं बोलणं म्हणजे शिस्तभंग नव्हे. या दोन ओळींना एक रुपया खर्च नाही. डाएटच्या लोकांनी या ग्रुपमध्ये अधिकारी म्हणून नाही, तर जाणकार म्हणून यावं, प्रश्नाला उत्तर द्यावं, आणि चांगली चर्चा दिसली तर महिन्याच्या शिक्षण परिषदेत तीच विषय म्हणून घ्यावी. सुरगाण्याच्या बोलीतले शब्द आणि गोष्टी कुणाच्या तरी फोनमध्ये पडून आहेत, फोन फुटला की गेल्या. त्या गोळा करून जपायचं काम तरी डाएटचंच आहे ना?

आणि पालक मंडळींनो, तुमच्या गावच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिचा अध्यक्ष तुमच्यातलाच पालक आहे. पुढच्या बैठकीत गुरुजींना ‘मोबाइल का बघता’ असं विचारू नका. त्यांना विचारा, गेल्या आठवड्यात वर कोणकोणती माहिती पाठवली, किती फोटो पाठवले, त्यात किती तास गेले. ते आकडे इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या करा आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं आवक-जावकला नोंदवा. पाच-पन्नास गावांची अशी इतिवृत्तं जमली तर मी ती घेऊन स्वतः झेडपीत जाईन. मेसेंजरवर फोटो पाठवला तरी चालेल. इतिवृत्ताचा हं, पोरांचा नको.